गंज निवडताना

जुन्या मोटारी हा हौशी आणि श्रीमंत माणसांचा विषय, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. मुंबईला जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते, फेटे बांधलेल्या मालकांचे फोटो वर्तमानपत्रात येतात, आणि आपण निफाडकर तोच कागद भाजी बांधायला वापरतो. अशा स्थितीत, जिच्या घरात तिच्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, अशा द्वितीय वर्ष कला शाखेच्या विद्यार्थिनीने जुनी मोटार निवडण्याविषयी लेख लिहावा, हा कुणाला आगाऊपणा वाटेल. परंतु गेले वर्षभर आमच्या घरात या एका विषयावर जेवढा खल झाला, तेवढा माझ्या लग्नाच्या विषयावरही झालेला नाही. म्हणून हे चार शब्द.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, पत्र्याचे काम करतात. सातवीनंतर शाळा सुटली आणि मुंबई-आग्रा महामार्गावरच्या एका गॅरेजात ते हातोडी धरायला लागले. बावीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्यांचे पोचे काढले. पुढे गाड्या बदलल्या. आता बंपर प्लॅस्टिकचा, चेपला की फेकायचा. दरवाजा चेपला तरी तो ठोकून सरळ करण्यापेक्षा नवा बसवणे मालकाला आणि विमा कंपनीला सोयीचे पडते. पत्रा ठोकणाऱ्याची गरज हळूहळू कमी झाली आणि मागच्या वर्षी एका शनिवारी अण्णा हिशेब घेऊन घरी आले. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. हत्यारांची पेटी खाटेखाली सरकवली आणि चहा मागितला.

हिशेबाचे आणि साठवणुकीचे मिळून नव्वद हजार रुपये होते. घराशेजारी पत्र्याची शेड टाकून स्वतःचे काम सुरू करावे, असे त्यांच्या मनात होते. पण काम येणार कुठून? त्यावर कल्पना निघाली ती अशी, की एखादी जुनी गाडी स्वस्तात घ्यावी, स्वतःच्या हातांनी उभी करावी आणि शेडपुढे लावावी. नाशिक जिल्ह्यात कितीतरी वाड्यांत, मळ्यांत, गोठ्यांत जुन्या गाड्या धूळ खात पडल्या आहेत. त्यांच्या मालकांनी आमची गाडी पाहिली, तर हे काम करणारा माणूस जवळच आहे हे त्यांना कळेल. थोडक्यात, ती गाडी म्हणजे अण्णांची पाटी. आईचे म्हणणे असे, की पाटी तीनशे रुपयांत रंगवून मिळते. तिचे म्हणणे खोडून काढणे आजही मला जमलेले नाही.

आता प्रश्न आला, गाडी कोणती घ्यावी? इथे मला माझ्या शिक्षणाचा उपयोग करावासा वाटला. मी वहीत तक्ता आखला आणि तीन गाड्यांची नावे लिहिली.

पहिली जीप. लासलगावकडच्या एका मळ्यात उभी. महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे या गाडीने ग्रामीण महाराष्ट्र पालथा घातला. निवडणुकीचा प्रचार असो, कांद्याचा लिलाव असो, लग्नाचे वऱ्हाड असो, जीपशिवाय पान हलत नसे. मला ती बघताक्षणी आवडली. टप फाटलेला, पण रुबाब कायम.

दुसरी ॲम्बेसेडर. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत तयार झालेली, मूळची इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची भारतीय बहीण. एके काळी ती दारात उभी राहिली की साहेब आले हे न सांगता कळे. आम्ही पाहिलेली गाडी अंगाने धडधाकट होती, पण इंजिन जाम आणि आतल्या गादीत उंदरांचा संसार.

तिसरी फियाट, म्हणजेच प्रीमियर पद्मिनी, १९८४ सालची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली आणि १९७० च्या दशकात तिचे नाव पद्मिनी झाले. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा, पुढे सलग बाक. पैसे भरल्यावर गाडी हाती पडायला वर्षे लागत. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि हा डौल उतरणीला लागला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने मात्र ती पुढे कितीतरी वर्षे टिकली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. आमची फियाट मात्र खाजगी, एका डॉक्टरांची. त्यांच्या पश्चात मुलाने ती विकायला काढली. तळाचा पत्रा इतका सडलेला, की मागच्या सीटवर बसून खाली पाहिले तर गवत दिसे.

माझ्या तक्त्यात जीपला सर्वात जास्त गुण मिळाले आणि फियाटला सर्वात कमी. जुन्या गाड्यांविषयी जे वाचले त्यातही एकच उपदेश ठिकठिकाणी सापडला: इंजिनाचे काम स्वस्त, पत्र्याचे काम महाग, म्हणून ज्याच्या खिशात पैसे थोडे त्याने अंग शाबूत असलेली गाडी घ्यावी. हा उपदेश खराही आहे. इंजिनाचे भाग मोजता येतात. पिस्टन, रिंगा, गॅसकेट यांना किंमत असते आणि काम संपण्याची तारीख असते. गंज मात्र मोजता येत नाही. वरून बोटाएवढा डाग दिसतो आणि खरवडायला गेले की हातभर पत्रा हाती येतो. शिवाय फियाट आणि ॲम्बेसेडर या गाड्यांना जीपसारखी वेगळी चासी नसते. त्यांचे अंग हाच त्यांचा सांगाडा. तळाचा पत्रा गेला म्हणजे गाडीचा कणाच दुखावला.

मी हा सगळा युक्तिवाद अण्णांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकला आणि म्हणाले, "ताई, लिहिलंय बरोबर. पण कुणासाठी लिहिलंय ते बघ."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिन्ही गाड्या पुन्हा पाहायला निघालो. अण्णांनी खिशात एक लोहचुंबक आणि एक पेचकस घेतला होता. जीपच्या बाजूवर त्यांनी बोटाच्या पेरांनी टकटक केली. एके ठिकाणी पत्रा वाजला, पुढे चार बोटांवर आवाज बद्द झाला. तिथे चुंबक लावला तो चिकटेना. आत पत्रा नव्हताच, नुसती लांबी भरून वर रंग दिला होता. मला जो रुबाब वाटला तो रंगाचा होता. त्याहून मोठी गोष्ट पुढेच होती. आरसी बुक मालकाच्या आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले, वारस चार, आणि त्यांतल्या दोघांचे बोलणे बंद. मालक म्हणाला, "कागदाचं काय एवढं, वापरा ना बिनधास्त." त्याने एक लाख चाळीस हजारांवरून भाव पंच्याऐंशी हजारांवर आणला तेव्हा मला आनंद झाला होता. आता कळले, की भाव का उतरला. मी एकटी गेले असते तर कदाचित त्याच दिवशी विसार देऊन आले असते, आणि नव्वद हजारांतले पंच्याऐंशी एका कधीच नावावर न होणाऱ्या गाडीत अडकले असते. हे लिहिताना आजही पोटात गोळा येतो.

कागदांचा हा मुद्दा आपल्या मित्रमंडळींनी विशेष ध्यानात घ्यावा. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची असते आणि नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून तिचे नूतनीकरण करावे लागते. चारचाकीसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले, आणि २०२५ साली वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ते दहा हजारांवर गेले. पर्यावरण कर निराळाच. पन्नास वर्षांपुढच्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्र सरकारने वेगळी नोंदणी आणली. तिचे शुल्क वीस हजार रुपये असून अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. म्हणजे कागद हा गाडीचा पाचवा टायरच होय. तो पंक्चर असेल तर उरलेले चार कितीही नवे असोत, गाडी दारातच राहायची. फियाटच्या डॉक्टरांनी, देव त्यांचे भले करो, दर पाच वर्षांनी नेमाने नूतनीकरण केले होते. शेवटचे २०२४ साली, म्हणजे २०२९ पर्यंत चिंता नाही.

ॲम्बेसेडर साठ हजारांना होती आणि तिच्या इंजिनाच्या कामाचा अंदाज बाहेरच्या मेस्त्रीने पंचावन्न हजार सांगितला. बेरीज एक लाख पंधरा हजार, आणि त्यातला एक रुपयाही अण्णांच्या हाताने वाचणारा नव्हता. कारण अण्णा इंजिनाचे कारागीर नव्हेत.

फियाट पस्तीस हजारांना. तिचे इंजिन हाताने फिरत होते, तेलात पाणी नव्हते. अण्णा गाडीखाली गेले आणि अर्धा तास बाहेर आले नाहीत. मी वर उभी राहून पेचकसाचा आवाज ऐकत होते. कुठे तो टणकन लागे, कुठे खचकन आत जाई. बाहेर आल्यावर त्यांनी हात झटकले आणि सांगितले, की पाटे जिथे अडकतात त्या जागा आणि पुढचा सांगाडा घट्ट आहे, तळ आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या बदलाव्या लागतील. "बाहेर दिलं तर साठ हजार मजुरी. घरी केलं तर पत्रा अन् वेल्डिंगचा खर्च."

त्या क्षणी माझ्या वहीतला तक्ता उलटा झाला. सर्वांसाठी जो सर्वात महाग दोष, तोच आमच्यासाठी सर्वात स्वस्त होता. सांगायचा मुद्दा असा, की जुनी गाडी निवडताना माणूस तिचे गुण पाहत बसतो. वास्तविक निवडायचा असतो तो दोष. जुन्या वस्तूत दोष असणारच. प्रश्न एवढाच, की हा दोष माझ्या हातांनी दूर होणार आहे की माझ्या पैशांनी? पैसे थोडे असतील तर हातांना जमेल तोच दोष घ्यावा. ज्याच्या घरी वायरमन आहे त्याने वायरिंग जळालेली गाडी घ्यावी. ज्याची आई शिवणकाम करते त्याने गाद्या फाटलेली घ्यावी. आणि ज्याच्या घरी यांतले काहीच नाही, त्याने पुस्तकातला उपदेश पाळून अंगाने धड गाडी घ्यावी, किंवा सरळ सायकल घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

खर्चाचा हिशेब मी लिहिला तो असा: पत्रा व वेल्डिंग नऊ हजार, ब्रेक साडेसात हजार, टायर चौदा हजार, वायरिंग सहा हजार, कार्बोरेटर व पेट्रोलची टाकी साडेचार हजार, बॅटरी चार हजार. एकूण पंचेचाळीस हजार. गाडीचे पस्तीस धरून ऐंशी, आणि दहा हजार हाताशी. रंगाला त्यात जागा नाही. याच क्रमावरून आमचा मोठा वाद झाला. मला वाटे, पाटीच करायची तर आधी रंग हवा. अण्णा म्हणाले, आधी थांबायला शिकवू, मग चालायला, दिसायचं शेवटी. ब्रेक, टायर, वायरिंग या गोष्टी कुणाला दिसत नाहीत, पण माणसे मरतात ती त्यांच्यामुळे. ज्याचा पैसा रंगावर आधी संपला, त्याची गाडी फोटोपुरती उरते.

पेट्रोलच्या बाबतीत एक गंमत आहे. आज पंपावर मिळते त्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या बनावटीच्या रबरी नळ्या व वॉशर त्याने मऊ पडतात, टाकीला आतून गंज धरतो. १९८४ सालच्या गाडीला हे अन्न ठाऊक नव्हते. म्हणून नळ्या नव्या प्रकारच्या घालाव्या लागल्या आणि गाडी महिनामहिना उभी ठेवायची नाही असे ठरले. आता हे इथेनॉल येते कशापासून, तर काही अंशी उसापासून. म्हणजे आपल्याच तालुक्यासारख्या ठिकाणचा ऊस आमच्या फियाटच्या नळ्या खातो! शेतकऱ्याच्या घरी चार पैसे येतात म्हणून आनंद मानावा, की नळ्यांचे बिल आले म्हणून रडावे, हा अर्थशास्त्राच्या पेपरात विचारण्यासारखा प्रश्न आहे.

काम करताना आणखी एक पेच आला. दरवाजावरचा रंग खरवडला तर पांढऱ्याखाली निळा आणि निळ्याखाली मळकट पिवळा निघाला. मग गाडी न्यायची कुठल्या सालात? कारखान्यातून निघाली त्या दिवसात, डॉक्टरांनी रंगवली त्या दिवसात, की आजच्या दिवसात? या प्रश्नावर मला आपल्याच गावचे न्यायमूर्ती रानडे आठवले. महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला झाला, एवढे आपण जयंतीच्या भाषणात दरवर्षी ऐकतो. पण १८९७ साली अमरावतीच्या सामाजिक परिषदेत त्यांनी काय विचारले, ते आपण क्वचित बोलतो. जुन्याचे पुनरुज्जीवन करा म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारले होते, की नेमका कुठला काळ परत आणायचा? प्रत्येक काळाने आधीच्या काळात बदल केलेलाच असतो. जिवंत गोष्ट मागे नेता येत नाही, सुधारता येते. रानड्यांचा विषय समाजाचा होता आणि आमचा एका मोटारीचा. एवढ्या थोर माणसाला आमच्या शेडमध्ये आणल्याबद्दल प्राध्यापक मंडळींनी क्षमा करावी. परंतु उत्तर मात्र मला तिथेच सापडले. जे चांगले आहे ते राखावे, जे जीव घेईल ते बदलावे. म्हणून स्टिअरिंगचा गिअर राहिला, बाक राहिला, पण सीटबेल्ट नवे बसले. अस्सलपणाचा आग्रह धरणाऱ्यांना हे रुचणार नाही. पण ज्यांना गाडी काचेत ठेवायची आहे त्यांचा मार्ग निराळा, आणि ज्यांना ती रस्त्यावर आणायची आहे त्यांचा निराळा.

काही मैत्रिणी विचारतात, बी. ए. करणाऱ्या मुलीने वेल्डिंगपुढे काच धरून उभे राहावे का? उलट मला विचारावेसे वाटते, की मग कुणी राहावे? मी जेव्हा महाविद्यालयात नाव घातले, तेव्हा मनात कुठेतरी अशी भावना होती, की आता घरात शिकलेली मी आणि बाकीचे न शिकलेले. अण्णांच्या पेरांची टकटक ऐकली आणि ती भावना उतरली. पत्र्याच्या आवाजावरून आतली पोकळी ओळखणे हेसुद्धा वाचनच आहे. फक्त त्याला पदवी नाही, आणि ते कुठे लिहिलेलेही नाही. अण्णांनंतर ते संपेल. माझी वही आता त्याच कामी येते. आवाज कसा, पेचकस किती आत गेला, टाका कुठे घातला, सारे मी तारीखवार लिहून ठेवते. आपल्या गावात असे कितीतरी गवंडी, लोहार, पंप दुरुस्त करणारे, बैलगाडी बांधणारे असतील. आपण कला शाखेचे विद्यार्थी प्रकल्पासाठी दरवर्षी तेच तेच विषय उतरवून काढतो. त्याऐवजी एकेकाने आपापल्या घरातला एक कसब लिहून काढला तर? ही सूचना मी नम्रपणे करते.

सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नये. ब्रेकचा खर्च दोन हजारांनी वाढला, नावावर करण्यात आणि विम्यात पाच हजार गेले. नव्वद हजारांतले तीन हजार शिल्लक आहेत. गाडी अजून तीन रंगांची आहे आणि गल्लीतली मुले तिला "झेंडा" म्हणतात. आईचा राग पुरता गेलेला नाही. तो जावा असे माझेही म्हणणे नाही, कारण त्या पैशांवर तिचाही हक्क होता आणि तिला आम्ही विचारले ते ठरल्यानंतर. ही आमची चूकच झाली.

डिसेंबरात, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रात झळकला त्या आठवड्यात, आम्ही पहिल्यांदा गाडी सुरू केली. निफाडच्या थंडीत जिथे माणसे उठत नाहीत तिथे चाळीस वर्षांची मोटार काय उठणार! अण्णांनी चोक ओढला. दोनदा सेल्फ नुसता कण्हला. तिसऱ्यांदा इंजिन धडधडले, सगळ्या शेडमध्ये धूर झाला आणि आई पदर नाकाला लावून बाहेर आली. ती काही बोलली नाही. पण थोड्या वेळाने तीन कप चहा घेऊन आली आणि तिसरा कप बाकावर बसून प्यायली.

त्यानंतर पिंपळगावकडचे एक गृहस्थ येऊन गाडीखाली वाकून तळ पाहून गेले. त्यांच्या मळ्यात एक ॲम्बेसेडर आहे. पुढच्या महिन्यात आणतो म्हणाले. आणतील किंवा नाही आणणार. अण्णांनी मात्र खाटेखालची हत्यारांची पेटी काढून शेडमध्ये नेऊन ठेवली आहे.